पांढरी दोन, काळी एक

२८ ऑक्टोबर

काम आलं. आधी हे लिहून टाकते, म्हणजे उद्या सकाळी खरं वाटेल.

दुकानवाले साहेब स्वतः घरी आले होते. बूट काढू का म्हणाले, काढले, आणि मग मोज्याचं भोक लपवत पाय खुर्चीखाली घेऊन बसले. डिसेंबरभर त्यांच्या सगळ्या दुकानांतून वाजवायला नाताळचं वाद्यसंगीत हवं आहे. शब्द नकोत, गाणारी बाई नको, भरगच्च ऑर्केस्ट्रा हवा. लय अशी की गिऱ्हाइकाने रेंगाळू नये आणि पळूही नये. पट्टी उजळ. मूड आनंदी.

"आनंदी म्हणजे कसा?" मी विचारलं.

"म्हणजे ताई, खरेदी करावीशी वाटेल असा."

धाकटी बहीण आतल्या खोलीत खोकल्याचं नाटक करून हसत होती. हसायला तिचं काय जातंय? आमच्या ऑर्केस्ट्राला दोन वर्षं रेकॉर्डिंग नाही. हे पसंत पडलं तर साहेब वर्षभराचं काम देणार आहेत. नाही पडलं तर मार्चमध्ये हॉल सोडावा लागेल, आणि मग कोण कुठे जाईल देव जाणे. मी या वयात कुठे जाणार? मला वाजवणाऱ्यांसमोर उभं राहून हात हलवण्याखेरीज दुसरं काही येत नाही.

पट्टी मी तिथल्या तिथे ठरवली. पांढरी दोन, पेटीवरची दुसरी पांढरी. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा तिच्यात आपोआप गुंजतात, न मागता उजेड मिळतो. आणि सुरुवातीला आमच्या दारावरच्या बेलचेच दोन सूर उचलणार आहे, काळी तीन आणि मग पांढरी दोन. नाताळ म्हणजे तरी काय, दार वाजतं आणि आपलं माणूस आत येतं.

साहेबांना हसून निरोप द्यायला गेले तर गालातून ती मेली कळ निघाली. दार लावून भिंतीला धरून उभी राहिले.

२ नोव्हेंबर

धाकटीने अखेर डॉक्टरकडे नेलंच. चेहऱ्याची नस बिघडली आहे म्हणे. म्हणजे दाताच्या डॉक्टरने उपटलेली दाढ धडधाकट होती. बरं झालं, निदान एक तरी गोष्ट शरीरातून धडधाकट गेली.

गोळ्या दिल्यात, सकाळी एक, संध्याकाळी एक. चक्कर आली, झोप आली तर सांगा म्हणाले. मी म्हटलं, दात घासायला मिळाले तरी मी तुमची आरती करीन.

७ नोव्हेंबर

गोळ्यांना गुण आला. कित्येक महिन्यांनी सफरचंद दाताने तोडून खाल्लं. धाकटी समोर बसून बघत होती, मी पहिल्यांदा चालायला शिकत असल्यासारखी.

बेल मात्र बिघडली. दुपारी कोणीतरी वाजवली तर पुरा अर्धा सूर खाली. पांढरी दोनच्या जागी काळी एक. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बटण दाबलं.

"वाजते की."

"वाजते हो, पण उतरली आहे."

त्याने बेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठे उतरली? तिथंच आहे खिळ्यावर."

धाकटी म्हणाली, मला तर नेहमीसारखीच वाटते. तिला वाटणारच. आमच्या दोघींत कान मला मिळाला. लहानपणी बाबा चमच्याने कप वाजवायचे, मी पाठमोरी उभी राहून सूर सांगायची. लोकांना लाल रंग लाल दिसतो तसा मला प्रत्येक सूर त्याच्या नावानिशी ऐकू येतो, त्यात विचार करायचं काही नाही. धाकटीला तसा कान नाही. तिने मेहनत केली, फुंकून वाजवायचा ओबो धरला, ओठ सोलून घेतले आणि आज ती आमच्या ऑर्केस्ट्राचा सूर आहे. ती पांढरी सहा देते आणि बाकीचे सगळे तिच्यावरून वाद्यं लावतात. पण तिचा सूर बरोबर आहे की नाही हे ती अजून माझ्या भुवईकडे बघून ठरवते.

११ नोव्हेंबर

पहिली तालीम. धाकटीने सूर दिला. उतरलेला.

म्हटलं, पुन्हा दे. पुन्हा तोच. ओबोच्या तोंडाची रीड बदल म्हटलं. तिने बदलली, तोंडात ओली केली, दिली. तेच. पांढरी सहाऐवजी काळी चारचा सूर वाजवते आहे, आणि सगळे आज्ञाधारकपणे त्यावर तारा लावतायत. चेलोकाका डोळे मिटून लावत होते. चाळीस वर्षं माझ्यासमोर चेलो घेऊन बसलेला माणूस, त्यांनाही कळू नये?

धाकटीने सूर मोजायचं यंत्र काढलं. काटा मधोमध. "बरोबर दाखवतंय, ताई."

"यंत्राला बॅटरी लागते. मला लागत नाही," मी म्हटलं. सगळे हसले, तीही हसली.

१५ नोव्हेंबर

हसू आटलं. तीन तालमी झाल्या, रोज तेच. तिने यंत्राची बॅटरी बदलली, मग चेलोकाकांचं यंत्र आणलं. सगळी एकाच माळेचे मणी. स्वस्तातली यंत्रं एकाच कारखान्यातून येत असणार.

सगळ्यात वाईट काय, तर माझी रचना मेली आहे. पांढरी दोनमध्ये तिला उजेड होता. काळी एकमध्ये तीच सुरावट आजारी माणसाच्या खोलीसारखी वाटते, पडदे ओढलेले आणि बाहेर कोणीतरी हळू आवाजात बोलतंय. बेलचे दोन सूर आले की वाटतं, दार वाजलं ते कोणी आलं म्हणून नाही, कोणी गेलं हे सांगायला वाजलं.

मग लय वाढवली. मिनिटाला एकशे आठ ठोके ठरवले होते, ते एकशे वीसवर नेले, म्हटलं धावेल तर रडायला वेळ मिळणार नाही. पण वेगात रडतंय एवढंच झालं. चेलोकाका घाम पुसत म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकाला खरेदी करायची आहे ना, की बस पकडायची आहे?" मी ऐकलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज तारवाल्यांना सांगितलं, माझ्या आवाजावरून लावा. मी तोंडाने सूर दिला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खुंट्या पिळल्या. दोन व्हायोलिनच्या तारा तुटल्या, एक तर वाजवणारीच्या गालाला लागली. पण जे उरले त्यांचा सूर लागला आणि मला दोन क्षण माझी रचना ऐकू आली. मग बासऱ्या आणि ओबो आले, खालच्या सुरात. असा गोंधळ झाला की हॉलचा रखवालदार दार उघडून बघून गेला.

धाकटी म्हणाली, "तू म्हणशील तो सूर देते ताई, पण ओबोतून तो निघत नाही. तार पिळता येते, लाकूड कसं पिळू?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं.

तिने रीड काढून डबीत ठेवली. मला वाटलं होतं, उलटून काहीतरी टाकेल. नेहमी टाकते.

२२ नोव्हेंबर

दोन दिवस ती तिच्या टेबलाशी बसून रीडचे शेंडे कापत होती. रीड आखूड केली की सूर थोडा चढतो. एकेक रीड ती हाताने करते, बोरू सोलून, तासून, दोरा गुंडाळून. सगळ्या चांगल्या रीड कापून ठेवल्या. आज तालमीला त्यातली तोंडात धरली, ओठ असे आवळले की मानेच्या शिरा दिसायला लागल्या. सूर केसभर चढला, पण बसला नाही. मी हाताने खूण करत होते, वर, अजून वर. तिने ओबो तोंडातून काढला तेव्हा रीडला रक्त लागलेलं होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात भांडण झालं. भांडण तरी कसलं, मीच बोलत होते. ती ओठावर बर्फ धरून बसली होती. शेवटी म्हणाली, "बाबांनी तुला कान दिला आणि मला मेहनत. मी आयुष्यभर तुझ्या कानाने ऐकलं, ताई. तू म्हणालीस बेसूर, तर मी बेसूर. पण आता मला साधी फूक मारताना हात कापतात."

मी म्हटलं, हात कापत असतील तर दुसऱ्या कोणाला बसव.

ती उठली, बॅग भरली आणि मैत्रिणीकडे गेली. ओबो टेबलावर ठेवून गेली. जाताना माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते सांगून गेली.

२३ नोव्हेंबर

सकाळी गोळ्या शोधत घरभर फिरले. ती सांगून गेली होती तिथेच होत्या, माझ्याच उशाशी. काखेत कळसा नि गावाला वळसा. तिला फोन करावा असं मनात आलं. केला नाही.

२६ नोव्हेंबर

बाहेरून दुसरा ओबोवाला बोलावला. टक्कल पडलेला, शांत माणूस, मोठ्या ठिकाणी वाजवलेला. बसला, रीड ओली केली आणि सूर दिला.

काळी चार.

पुन्हा द्या म्हटलं नाही. सगळे माझ्या भुवईकडे बघत होते. "पाच मिनिटं," म्हणाले आणि बाहेर येऊन रिक्षा केली. कोटही हॉलमध्येच राहिला.

घरी येऊन बाबांचा ट्यूनिंग फोर्क शोधला. पोलादाचा आहे, ठोकला की पांढरी सहा देतो, शंभर वर्षं दिली असेल. मला कधी लागला नाही म्हणून वरच्या खणात पडून होता. टेबलाच्या कडेवर ठोकला, कानाशी धरला.

काळी चार.

पुन्हा ठोकला. पुन्हा. मग स्वयंपाकघरात गेले आणि कप वाजवले, झाकणं वाजवली, बाहेर जाऊन स्वतःच्याच दाराची बेल वाजवली. सगळं अर्धा सूर खाली. बेल बिघडली नव्हती. धाकटी बिघडली नव्हती. अंगण वाकडं नव्हतंच.

बाबांचे कान साठीनंतर गेले. आधी वरचे सूर गेले, मग माणसं. शेवटी ते आमच्या तोंडांकडे बघून हो हो म्हणायचे. मला वाटायचं, माझं असं होणार नाही, माझा कान वेगळा आहे. वेगळाच निघाला. बहिरा होऊन गप्प बसला असता तर मी कोणाचा ओठ फाडला नसता.

१ डिसेंबर

घाबरल्याने की कशाने, कळ पुन्हा आली. काल भाकरीचा तुकडा तोंडात धरून अर्धा तास बसले, गिळता येईना आणि टाकताही येईना. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या.

"आणखी काही त्रास?" त्यांनी विचारलं.

कानाचं ओठावर आलं होतं. पण गालाच्या डॉक्टरला कानाचं काय सांगायचं? आणि एकदा सांगितलं की ते कागदावर लिहिणार, आणि लिहिलं की खरं होणार. "नाही," म्हटलं. गोळ्यांचं तेवढं बरं आहे, बाकी काही त्रास नाही.

४ डिसेंबर

धाकटीला फोन केला. उद्या रेकॉर्डिंगला ये, म्हटलं. कान गेल्याचं सांगायचं होतं, तेच सांगायला फोन केला होता. पण तिने "हं" म्हटलं तेव्हा तिचा आवाजही खाली वाटला, माझ्या बहिणीचा आवाज. म्हटलं, "ऑर्केस्ट्रासाठी ये."

"कोणता सूर देऊ?" ती म्हणाली.

"यंत्र दाखवेल तो."

मग म्हणाली, "येते."

५ डिसेंबर

रेकॉर्डिंग झालं. कसं झालं ते मला माहीत नाही.

गोळ्या वाढवल्यापासून सगळं आणखी घसरलं आहे. आता तर काळी एकही धड नाही, तिच्या खाली कुठेतरी, ज्याला नाव नाही. मी लय मोजायच्या यंत्राच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर लय धरली, एकशे आठ, ठरली होती तीच. कान मिटता येत नाहीत म्हणून डोळ्यांनी ऐकलं. गज वर गेले की समजायचं व्हायोलिन, गाल फुगले की समजायचं शिंग. माझ्याभोवती अंत्ययात्रा चालली होती आणि मी हसऱ्या चेहऱ्याने तिला पुढे चल म्हणत होते. गाल दुखत नसल्याने हसता येत होतं.

धाकटी मान खाली घालून बसली होती. ओठावर खपली होती. प्रत्येक वेळी वाजवण्याआधी तिची नजर समोरच्या यंत्रावर जायची. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तीस वर्षं ती माझ्या भुवईवर वाजवत आली आणि आज त्या काट्यावर वाजवत होती. हे माझंच काम.

संपलं तेव्हा काचेमागे दुकानवाले साहेब टाळ्या वाजवत होते. "ताई, काय आनंद आहे हो यात. ऐकताना मला घरी जावंसं वाटलं." चेलोकाका गज पुसत होते. त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, कुठल्या पट्टीत वाजलं?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. खूप हसले. "तुम्हीच सांगा," म्हणाले.

वर्षभराचं काम मिळालं. मी साहेबांना सांगितलं, हात दुखतो, पुढचं चेलोकाका बघतील. काकांनी वाद घातला, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घातला नाही. धाकटी तोवर निघून गेली होती.

१७ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. उठते, गोळ्या घेते, खिडकीशी बसते. रेडिओ कपाटात ठेवला. नळ ठिबकतो तोही चुकीचा ठिबकतो.

आज दूध आणायला गेले. दुकानात लाल फिती, कापसाचा बर्फ, आणि वरून माझी रचना. एक बाई डब्यांच्या कपाटापुढे पायाने ताल धरत उभी होती, चेहरा फुललेला. म्हणजे त्यात आनंद आहे. मी घातला तो सगळा पोचला आहे, फक्त मला सोडून. टोपली तिथेच खाली ठेवून बाहेर आले.

२४ डिसेंबर

गोळ्या संपून चार दिवस झाले. आणायला उठवलंच नाही आणि मग औषधवाल्याकडचा माल संपला, उद्या घरी पाठवतो म्हणाला. कळ परत आली आहे, पूर्वीपेक्षा वाईट. पाणी लागलं तरी डोळ्यांपुढे पांढरं होतं.

तशाच तोंडाने धाकटीला फोन केला. शब्द मोजून वापरले, एकेक शब्द महाग पडत होता. "उद्या नाताळ. ये. बोलायचंय."

"बघते," म्हणाली.

२५ डिसेंबर

सकाळी बेल वाजली.

काळी तीन. पांढरी दोन.

मी पलंगावर उठून बसले. दार उघडलं, औषधवाल्याचा माणूस गोळ्यांचं पाकीट घेऊन उभा. म्हटलं, पुन्हा वाजवा. "काय?" म्हणाला. "बेल. पुन्हा वाजवा." त्याने वाजवली. काळी तीन, पांढरी दोन. मी उंबऱ्यात उभी राहून रडायला लागले, आणि रडताना गाल ओढला जातो म्हणून कळवळायलाही लागले. तो बिचारा सुटे पैसे न घेताच गेला.

फोर्क ठोकला. पांढरी सहा. कपाटातून रेडिओ काढायलाही थांबले नाही, सरळ रेकॉर्डिंग लावलं. माझी रचना पहिल्यांदा ऐकली. उजेडच उजेड. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा गुंजत होत्या, लय ना रेंगाळत होती ना पळत होती. आणि मधोमध धाकटीचा ओबो. इतका नेमका, इतका सरळ, आणि एकेका सुराआधी किंचित दबकलेला. ते दबकणं दुसऱ्या कोणाला ऐकू येणार नाही.

ऐकताना दोनदा कळ आली, जमिनीवर बसून ऐकलं. तरी पुन्हा लावलं.

दुपारी वाटलं, संध्याकाळी ती येईल आणि मला तोंड उघडता आलं नाही तर? तिला जे सांगायचं आहे ते खुणांनी सांगण्यासारखं नाही. दोन गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनी वाढवून दिलेल्या मापाने. अंधार पडायच्या आधी आणखी दोन.

२६ डिसेंबर

काल ती उशिरा आली. बेल वाजली ती जराशी मळकी वाटली, दमलेल्या माणसाच्या आवाजासारखी. म्हटलं, भास असेल. कळ मात्र बरीच निवली होती, त्यामुळे बोलता आलं.

सगळं सांगितलं. तुझा सूर पहिल्या दिवसापासून बरोबर होता, कान माझा गेला होता, आणि कळल्यावरही मी तुला सांगितलं नाही, म्हटलं. ती उभीच होती, पर्स खांद्यावर तशीच.

"कधीपासून?"

"बेल बिघडली तेव्हापासून."

तिने पर्स खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल, मी ऐकायला तयार होते. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबांसारखंच गं." आणि मला कुशीत घेऊन रडायला लागली. ज्या ओठावर खपलीचा डाग आहे तो माझ्या केसांत.

सकाळी कान परत आला होता हेही सांगितलं. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, तसं असेल, म्हटलं. तिने मान हलवली.

आज सकाळी शेजारीण आली, बेल वाजली. काळी एक.

३१ डिसेंबर

धाकटी सामान घेऊन परत आली. सकाळी तिच्या खोलीतून ओबोचा आवाज आला, यंत्राशिवाय. मी दाराशी गेले तर तिने सवयीने माझ्या भुवईकडे पाहिलं, आणि मग लगेच नजर काढून घेतली, मला वाईट वाटू नये म्हणून.

चार दिवस मी गोळ्यांशिवाय राहिले हे तिला औषधवाल्याच्या बिलांवरच्या तारखा बघून कळलं. फार रागावली. "म्हणूनच ही दशा झाली तुझी," म्हणाली. सात कप्प्यांची डबी आणली आहे, प्रत्येक कप्प्यात सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या. आता एकही चुकू देणार नाही म्हणते. पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते आणि मी गिळेपर्यंत हलत नाही.